बाई थांबायच्या

१९८४ साली लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा थोरल्या जाऊबाई भांडी विसळता विसळता टेपरेकॉर्डरशी बोलत होत्या.

"रक्त शुद्ध कुठं होतं?" टेपमधल्या बाईंनी विचारलं आणि त्या थांबल्या. जाऊबाईंनी नळ बंद केला.

"फुप्फुसात, बाई."

"बरोबर," टेपमधून आवाज आला.

जाऊबाई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धूत. शाळा अर्ध्यावर सुटलेली. आता घरबसल्या परीक्षेची तयारी चालली होती. पास झाल्या, तर नर्सिंगला जाता येणार होतं. धडे टपालानं कॅसेटवर येत. शंका मागच्या बाजूला बोलून पाठवायची. बाई उत्तर पाठवत, तेही जाऊबाईंचं नाव घेऊन.

घरात चेष्टा चाले. सासूबाई म्हणत, तुझ्या बाईंना सांग, आल्याच आहात तर जेवून जा. भावजी म्हणत, कॅसेटला कान नसतात. जाऊबाई हसून सोडून देत. मला मात्र एकदा म्हणाल्या, "या घरात विचारतात मला आणि उत्तर देतो दुसराच. बाई माझ्यासाठी थांबतात गं."

दुसऱ्या वर्षी नव्या कॅसेटी आल्या. गोड, सफाईदार आवाज. प्रश्नाला लागूनच उत्तर. मागच्या बाजूलाही धडेच.

आम्ही दोघी कॅसेटी पाठवणाऱ्या केंद्रावर गेलो. कारकून म्हणाला, बाई आजारपणात गेल्या. आता सगळं स्टुडिओत होतं, विद्यार्थी खूश आहेत.

"आवाज किती स्वच्छ आहे, ऐकलात ना?"

"छान आहे," जाऊबाई म्हणाल्या.

मग त्या प्रत्येक प्रश्नानंतर टेप थांबवून उत्तर देऊ लागल्या. एकदा मीच "बरोबर" म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि टेप बंद केला.

परीक्षेच्या दिवशी त्या डबा घेऊन कामावर गेल्या. भावजी म्हणाले, झेपलं नसेल.

सासूबाई त्यानंतर फार जगल्या नाहीत. बायकोला शिकवायचा आपण किती प्रयत्न केला, हे भावजी शेवटपर्यंत सांगत राहिले. केंद्र कधीतरी बंद झालं. त्याआधी त्याच गोड आवाजावर मी पास झाले, नोकरीलाही लागले. मला तो आवाज चालला.

जाऊबाई धुलाईघरातूनच निवृत्त झाल्या. शेवटच्या दुखण्यात त्याच इस्पितळात होत्या. सकाळी एक कोवळी नर्स चादर बदलायला आली. जाऊबाई कुशीवर वळल्या आणि आपल्या बाजूचा कोपरा त्यांनी गादीखाली नीट खोचला.