मिस्त्रींची तीन वाक्यं

बाईंना आपल्या शिकवण्याचा भारी अभिमान, आणि तो त्या लपवतही नसत. मोठ्या माणसांना नवी भाषा शिकवायची तर पुस्तकातले खोटे संवाद कशाला, खऱ्या माणसांशी बोलू द्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वर्गातल्या प्रत्येकाला त्यांनी इंटरनेटवरच्या एकेका ग्रुपमध्ये घातलं होतं. कुणी बागवाल्यांत, कुणी विणकामवाल्यांत. सायकली दुरुस्त करण्यात जन्म गेलेले मिस्त्री अर्थातच सायकलवाल्यांत. अट एकच, लिहिलेलं आधी बाईंना दाखवायचं.

एके दिवशी त्या ग्रुपवर एका मुलीने सायकलचा फोटो टाकून विचारलं, पुढून कुरकुर आवाज येतो, काय करू? मिस्त्रींनी फोटो मोठा करून करून पाहिला आणि वहीत लिहिलं, "पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला तडा आहे. मुळीच चालवू नका. पडाल."

बाईंनी लाल पेन उघडलं. "अहो मिस्त्री, अनोळखी माणसावर असं खेकसतात का?" आणि त्याचं केलं, "शक्य झाल्यास चिमटा एकदा तपासून घेतलात तर बरं होईल." वाक्य कसं गुळगुळीत झालं, तडा मात्र त्यात शोधून सापडेना.

"पण बाई..." मिस्त्री घुटमळले.

"भाषेचं माझ्यावर सोडा हो."

मिस्त्रींनी सोडलं.

आठ दिवसांनी मुलीने प्लास्टरमधल्या हाताचा फोटो टाकला. उतारावर चिमटा मोडला होता. 'तपासायची घाई नाही असं वाटलं,' एवढंच तिने खाली लिहिलं होतं. बाईंनी ते वर्गाच्या दाराशी उभ्यानेच वाचलं. हे मिस्त्रींच्या नजरेस न पडलं तर बरं, असंही मनात येऊन गेलं. त्याची तर त्यांना जास्तच लाज वाटली.

मिस्त्री आत आधीच येऊन बसले होते. "बाई, माफी लिहिलीय. मला नीट सांगता आलं नाही, भाषा कच्ची ना माझी. एवढं तपासून द्या."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चूक तुमची नाही. माझी आहे."

"उगाच सांभाळून घेऊ नका हो."

बाईंनी त्यांच्याच वहीतलं ते जुनं पान काढलं. "हे बघा. तुम्ही नेमकं सांगितलं होतं. मी खोडलं."

मिस्त्री लाल रेघेखालची आपली वाक्यं बोट ठेवून वाचत राहिले. त्यांनी रागवावं, चार शब्द सुनावावेत, म्हणून बाई मान खाली घालून उभ्या होत्या.

"म्हणजे मला येत होतं, बाई?" मिस्त्रींनी विचारलं.