जांभळी रेघ

धाकटीने चकतीच्या पाठीवर कुंचल्याने जांभळी शाई फिरवली, बोटं पुसली आणि चकती उलटी करून दिव्याच्या काचेवर ठेवली. शाई या अंगाला यायला नको होती. ती आली. आधी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका उमटला, मग तो हळूहळू लांबत गेला आणि त्याची एका बाजूला वाकलेली बारीक रेघ झाली.

"केस," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला बरं वाटलं.

चकती म्हणजे वायूपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलचा इलेक्ट्रोलाइट, मधला पडदा. तिच्या एका अंगाला हिरव्या इलेक्ट्रोडचा लेप बसतो, दुसऱ्या अंगाला काळ्या. इकडून हायड्रोजन येतो, तिकडून हवा. धाकटी कामाला लागली तेव्हा साहेबांनी समजावलं होतं, की या दोघांना एका घरात नांदवायचं, पण तोंडाला तोंड लागू द्यायचं नाही. लागलं की सेल जळाला म्हणून समजा. "म्हणजे आमच्या घरासारखंच," धाकटी म्हणाली होती, आणि साहेब हसले होते. लेप चढण्याआधी प्रत्येक चकती शाई लावून तपासायची, एवढं तिचं काम. चकती ज्या ओल्या लगद्यापासून बनते, त्या स्लरीत केस पडला तर तो कुणाला दिसत नाही. भट्टीत तो जळून जातो आणि त्याच्या जागी त्याच्याच आकाराची पोकळी राहते. शाई नेमकी ती वाट शोधून काढते.

पांढऱ्या पुडीची ती स्लरी पातळ थरात पसरायचं काम त्या पाळीला एकच बाई करत होती. ती तिची थोरली जाऊ.

जावा-जावा, उभा दावा असं म्हणतात. यांच्यात दावा एकतर्फी होता. थोरली बोलायची आणि धाकटी ऐकायची. दीर गेल्यावर थोरलीने एका मुलीला घेऊन संसार ओढला होता, आणि साहेबांकडे शब्द टाकून धाकटीलाही इथे चिकटवलं होतं. ते ती विसरत नसे आणि विसरू देत नसे. कामातही ती नाकाने कांदे सोलणारी. तिच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी टोपी बघणार, मग बाही झटकायला लावणार, मग धाकटीला सगळ्यांसमोर म्हणणार, "घरात चालतं तुझं, इथे नाही चालायचं." त्या खोलीत केस सापडावा, आणि तो धाकटीला सापडावा!

सकाळी तशा तीन चकत्या निघाल्या. धाकटीने त्या साहेबांकडे पाठवल्या आणि सोबत चिठ्ठी दिली: केस, स्लरीची खोली. खोट कुठून आली ते सांगणं तिचं काम नव्हतं, तरी तिने लिहिलं.

जेवणानंतर मात्र रेघा थांबेनात. एकामागून एक चकती जांभळी होऊन बाजूला पडू लागली, तशी तिची मजा ओसरली. एखाद-दुसरा केस हलगर्जीपणाने पडतो, इतके पडत नाहीत. तिने भिंग ओढलं आणि सगळ्या चकत्या शेजारी शेजारी मांडल्या. रेघा सारख्याच होत्या. आखूड, वाकलेल्या, एका टोकाला जाडसर आणि दुसऱ्या टोकाला निमुळत्या. डोक्यावरचा केस असा नसतो. थोरलीचे केस तर कमरेखाली जायचे, त्यांचा तिला कोण अभिमान. धाकटीचं बोट नकळत स्वतःच्या डोळ्याकडे गेलं.

पापण्या होत्या त्या.

पापणी कुणाचीही गळते, पण इतक्या पापण्या एका माणसाच्या गळत नाहीत. गेले काही आठवडे थोरली घरातही डोक्याला घट्ट फडकं बांधून असायची. विचारलं तर सर्दी सांगायची. भुवया पेन्सिलीने कोरायला लागली होती. ते बघून धाकटी नवऱ्याला म्हणाली होती, "तुमच्या वहिनींना या वयात नटणं सुचलंय." दोघं हसली होती. ते हसणं आठवून धाकटीला स्वतःची लाज वाटली. तिने कुंचला शाईच्या बाटलीवर आडवा ठेवला आणि ती उठली.

चहाच्या सुट्टीत थोरली कपडे बदलायच्या खोलीत एकटीच बाकावर बसली होती.

"जाऊबाई, टोपी काढा."

"कशाला? पाळी संपायचीय अजून."

"काढा ना."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मग उठून दाराला कडी घातली आणि टोपी काढली. धाकटीने मनाची तयारी केली होती, ती पुरली नाही. एवढंसं डोकं होतं ते.

"कधीपासून?"

"दुसरं इंजेक्शन झालं तेव्हापासून. सुट्टीच्या दिवशी जाते. म्हणून तर सुट्टी बदलून घेतली."

"मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून बदललीत."

"तेही होतंच," थोरली म्हणाली.

दोघींनाही हसू आलं नाही. बाहेर कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला.

"घरी कुणालाच नाही सांगितलं?"

"कुणाला सांगू? पोरीला? बापाचं बघितलंय तिने, ते पुरे झालं." थोरलीने टोपी मांडीवर सारखी केली. "ऑपरेशन करायचं म्हणतात. पुढच्या महिन्यात मी कायम होतेय. कायम माणसाचं दवाखान्याचं सगळं कंपनी बघते. तेवढे दिवस ढकलायचेत. मधेच काढून टाकलं तर मग संपलंच."

"आणि खोलीत कामाला लावायचा तो बंद चष्मा? तो का नाही लावत?"

"वाफ धरते त्याच्यावर, काही दिसत नाही. म्हणून वर सरकवते. डोळ्यांची आग होते गं. चोळले जातात."

तिने टोपी पुन्हा चढवली. बोटं सवयीने कानामागे गेली, तिथे आत खोचायला काही नव्हतं. मग तिने एकदम विचारलं, "तुला साहेबांनी बोलावलं का?"

"नाही. का?"

"काही नाही. चहा घे, थंड होईल."

धाकटीने चहा घेतला नाही. चिठ्ठी तिनेच लिहिली होती, आणि गेलेली चिठ्ठी परत येत नाही. साहेबांना आता केस कुणाचा ते हवं असणार. ट्रे न्यायला ती रोज स्लरीच्या खोलीत जात होती. एक-दोनदा टोपी न घालता गेले म्हटलं, तर न पटण्यासारखं काही नव्हतं. कायम नसलेल्या बाईला काढायला साहेबांना वेळ लागणार नव्हता. नवऱ्याचं काम आज आहे, उद्या नाही. आपल्याला दुसरीकडे कुठे मिळेल, कधी मिळेल, कोण घेईल? तिला भीती वाटली, थोरलीचा रागही आला, आणि तरी ती जिना चढली. वर पोचेपर्यंत तिने वाक्य मनाशी जुळवून ठेवलं होतं.

साहेबांच्या टेबलावर सकाळच्या तिन्ही चकत्या होत्या, शेजारी भिंग होतं.

"बरं झालं आलात. मी बोलावणारच होतो."

"साहेब, त्या केसाचं सांगायचं होतं. तो..."

"कळलं मला. तुमच्या चिठ्ठीचं विचारायला जाऊबाईंना बोलावलं होतं, त्या येऊन गेल्या मघाशी, जेवणाच्या सुट्टीत." साहेब रागावलेले नव्हते, थकलेले होते. "ट्रे न्यायला येता तेव्हा तुमच्या डोक्यावर टोपी नसते म्हणाल्या. दोनदा सांगून बघितलं, घरचं माणूस म्हणून गप्प बसले, म्हणाल्या. रडत होत्या हो. खरं आहे का हे?"

जिन्यावर जुळवलेलं वाक्य धाकटीच्या ओठांवरच होतं. ते आता बाहेर पडेना. ती स्वतःहून द्यायला आली होती, आणि तिच्या आधीच कुणी येऊन ते घेऊन गेलं होतं. कपडे बदलायच्या खोलीत थोरली समोर बसली होती तेव्हाही हे सगळं होऊन गेलेलं होतं, आणि तरी ती चहा घे म्हणाली.

तिची नजर भिंगावर गेली. साहेब, जरा यातून बघा, ही पापणी आहे, हिचा टोपीशी काय संबंध, एवढंच म्हणायचं होतं. साहेब हुशार होते, पुढचं त्यांचं त्यांना कळलं असतं. मग त्यांनी थोरलीला वर बोलावलं असतं, टोपी काढायला सांगितलं असतं.

"बोला बाई. खरं आहे?"

"हो," धाकटी म्हणाली.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "कबूल केलंत, ते बरं केलंत. पण उद्यापासून येऊ नका. आणि त्यांच्यावर राग धरू नका. त्यांनीच तुम्हाला इथे आणलं होतं, त्यांना किती जड गेलं असेल."

"हो," ती पुन्हा म्हणाली.

पाळी सुटली तेव्हा थोरली फाटकाशी थांबली होती. एरवी ती कधी थांबत नसे.

"उशीर झाला तुला."

"साहेबांकडे गेले होते."

थोरलीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "काय म्हणाले?"

"उद्यापासून येऊ नका म्हणाले. टोपी न घालता आत जाते म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"हो म्हणाले."

दोघी रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर आल्या. तिथे आणखी कुणी नव्हतं. मग थोरली रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला भीती वाटली गं. तू असं करशील हे ठाऊक असतं तर..."

"तर काय?"

थोरलीने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"मला राग आलाय," धाकटी म्हणाली. "फार आलाय. लवकर जायचा नाही तो. आणि उद्यापासून चष्मा खाली ठेवा. माझ्यामागे एक जरी केस निघाला, तर तो तुमचाच."

"पापण्या गळायला आता राहिल्यात कुठे?" थोरली म्हणाली.

बस वळणावर दिसली. थोरलीने पुढे व्हायला पाऊल उचललं आणि थांब्याच्या खांबाला धरून ती जागीच उभी राहिली. धाकटी तिच्याजवळ सरकली.

"परवा सुट्टी ना तुमची? दवाखान्यात किती वाजता जायचं असतं?"

"सकाळीच. का?"

"मी येते. आता मोकळीच आहे," धाकटी म्हणाली, आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन तिने तिला आधी बसमध्ये चढू दिलं.