कोरड्या घशाचं होय

वॉर्डात तिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचा ताप मोजता मोजता बाईला एक खोड जडली होती : जे मोजलं नाही ते झालंच नाही. त्यामुळे तीन दिवसांच्या प्रार्थना शिबिरातून परतल्यावर तिने पहिलं काम कुठलं केलं, तर तापाचा एक कोरा तक्ता आणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज सकाळी प्रार्थना झाली की लाल पेनाने ठिपका. प्रभू जवळ वाटला तर वर, नाही वाटला तर खाली.

पहिला ठिपका थेट एकशे चारवर. शिबिरात ती ढसाढसा रडली होती, आणि परतीच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली होती. त्याच भरात ती भावाकडे गेली. तान्ह्या बाळीला मांडीवर घेऊन भावजय तिच्या चेहऱ्याकडे बघतच राहिली.

"ताई, बाळीच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तुम्हीच उभ्या राहा. माझी बहीण रुसली तर रुसू दे."

सिस्टरने लगेच हो म्हटलं. त्या दिवशी तिने चंद्रावर जायलाही हो म्हटलं असतं.

त्याला आता सात आठवडे झाले. ठिपके जिना उतरावा तसे उतरत गेले, आणि गेले बारा दिवस तक्त्याच्या तळाशी मुंग्यांसारखे रांगेत बसले होते. रविवारी बाप्तिस्मा. चर्चचे पाळक भरल्या मंडळीसमोर विचारणार, "प्रभूवर तुझा विश्वास आहे काय?" आणि तिने म्हणायचं, "होय." माणसांशी ती चिक्कार खोटं बोलली होती. इंजेक्शन दुखत नाही, हे तर रोजचंच. पण देवाच्या घरात, हातात बाळ घेऊन?

शनिवारी सकाळी काहीच जाणवलं नाही, म्हणून थर्मामीटर झटकून पुन्हा लावावा तशी तिने प्रार्थना पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा 'आमेन' म्हणताना तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. ड्यूटीवर ती पाऊण तास उशिरा पोचली, आणि दुपारी सुटल्यावर तडक प्रार्थनामंदिर गाठलं.

पाळक बाह्या सरसावून मोडक्या खुर्चीला खिळा ठोकत होते. तिने एका दमात सगळं सांगितलं, तक्त्यासकट.

"उद्या मला नका उभं करू. भावजयीच्या बहिणीला घ्या."

पाळकांनी तोंडातला खिळा काढला. "तुमच्या वॉर्डात एकशे चारवाल्याला बरा झाला म्हणून घरी सोडतात का हो?"

तिला हसू येता येता राहिलं. "थट्टा पुरे. माझं नॉर्मलवर थांबलं नाही, पार खाली गेलंय. गार पडलंय सगळं."

"आणि तरी रोज गुडघे टेकता?"

"टेकते. सवय आहे."

"गेल्या वर्षी चार महिने मी असाच उपदेश करत होतो," खुर्ची हलवून बघत पाळक म्हणाले. "मंडळीला पत्ता नव्हता. बायकोला होता. ती म्हणायची, आज पुन्हा पाठ केलेलं बोललात."

"मग काय केलंत?"

"पुढच्या रविवारी पुन्हा बोललो."

"खोटं नाही वाटलं?"

"रोज विचारायचो स्वतःला." त्यांनी दुसरा खिळा उचलला. "उद्याचं तुम्ही ठरवा, सिस्टर. उभ्या राहिलात तर मी प्रश्न विचारीन. तुम्हाला काय वाटतंय ते विचारणार नाही, एवढं नक्की."

हे काय उत्तर झालं, असं पुटपुटत ती घरी आली. नकार द्यायला भावजयीला फोन लावला, तर पलीकडून आधी बाळीचं रडणं, मग भावजयीचं, "ताई, झबलं उसवलंय, उद्या सुईदोरा आणाल ना?" सिस्टर म्हणाली, "आणते." बाकीचं घशातच राहिलं.

रविवारी ती बाळीला घेऊन पाण्याच्या कुंडाशी उभी राहिली. बाळी जड होती, झोपेला आली होती आणि तिची चेन ओढत होती. पाळकांनी प्रश्न विचारला. सिस्टरने आत चाचपून बघितलं. ऊब नाही, गहिवर नाही, काही नाही. मागे कुणीतरी खोकलं. भावजयीच्या बहिणीने मान उंच केली.

नाही म्हणून टाकावं का? तेही तिने जिभेवर ठेवून बघितलं. आणि ती दचकलीच, कारण ते मात्र साफ खोटं होतं.

"होय," ती म्हणाली.

"मागे ऐकू गेलं नाही," पाळक म्हणाले.

"होय!" आवाज फाटला आणि बाळीने भोकाड पसरलं.

"या मुलीला विश्वासात वाढवशील काय?"

घसा अजून कोरडाच होता. सिस्टरने बाळीला खांद्यावर टाकलं, पाठीवर थोपटलं आणि तिच्या रडण्याच्या वरताण, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं सांगितलं, "वाढवीन."