टोचत नाही, मावशी

माझ्या जिभेला हाड नाही, असं गिऱ्हाइकं म्हणतात. कपडे शिवायला मात्र माझ्याकडेच येतात. धाकट्या बहिणीची मुलगी सुट्टीपुरती राहायला आली, तेव्हा मला वाटलं, ही चार दिवसांत घाबरून पळेल. झालं उलटंच. पोर इतकी गुणी निघाली, की मलाच तिचा धाक वाटू लागला.

"भाजी आवडली?"

"छान आहे, मावशी."

"पंखा कमी करू?"

"तुला हवं तसं."

वय वर्षं आठ, आणि बोलणं लग्नाला आलेल्या पाहुणीचं! मी तिला पाहुणीच म्हणायला लागले. त्यावरही ती हसायची, अगदी बेताचं.

बहीण नर्स आहे. दूरच्या गावी नवी नोकरी, त्यात रात्रपाळ्या. एके दिवशी तिचा फोन आला. "ताई, ती तर तिथे मजेत आहे म्हणते. यंदा शाळेत तिथेच घालायची का? रविवारी ठरवून टाकू."

"बघू," मी म्हणाले. पण मनातून केवढी हरखले! संध्याकाळी मशीन थांबलं की माझं घर मला खायला उठतं. ती आल्यापासून तसं होत नव्हतं. आतल्या खोलीत कुणी पुस्तकाचं पान उलटलं, तरी मला तेवढं पुरत होतं. उरलेल्या जाड कापडातून मी तिच्यासाठी गुपचूप दप्तरही बेतलं.

शनिवारी एका गिऱ्हाइकाच्या मुलीचा पांढरा फ्रॉक पुरा करायचा होता. माप सारखंच, म्हणून मी पाहुणीलाच तो घालून स्टुलावर उभं केलं आणि टाचण्या लावू लागले.

"टोचलं तर सांग हं."

"टोचत नाही, मावशी."

वळ म्हटलं की वळत होती, हात वर म्हटलं की वर. फ्रॉक उतरवला, तर खांद्यावर आतून लाल डाग. तिच्या खांद्यावर टाचणीचा लांबलचक ओरखडा.

माझं डोकंच फिरलं. "मूग गिळून काय उभी राहिलीस? मला कसं कळणार?"

"फ्रॉक मी धुते."

"चुलीत गेला तो फ्रॉक! बोलली का नाहीस?"

"आई म्हणाली होती, मावशीला त्रास द्यायचा नाही. सगळ्याला छान म्हणायचं."

मी औषध लावलं, तेव्हाही ती हूं की चूं करेना. मग मीच म्हटलं, "आता माझ्या घरचा कायदा ऐक. दुखलं तर दुखलं म्हणायचं. उद्धटपणा न करताही म्हणता येतं. बघ बरं म्हणून."

तिने बराच विचार केला. "मावशी, तुझी भाजी फार तिखट असते."

"शाबास! अजून?" मला मजा वाटू लागली होती.

"अजून... मी रोज उशीत तोंड घालून रडते."

माझं हसू जागच्या जागी विरलं.

"तू चांगली आहेस. खरंच चांगली आहेस. पण मला आईकडे जायचंय. तिच्या खोलीत दुसऱ्या एक सिस्टर असतात. आई ड्यूटीवर गेली तर मी त्यांच्याजवळ झोपेन."

मी मशीनकडे वळले आणि सुईत दोरा ओवायला लागले. तो काही केल्या जाईना. शेवटी पाठमोरीच म्हणाले, "उद्या फोन आला की आईला हेच सांग."

"तूच सांग ना."

"मी सांगितलं तर तिला वाटेल, मला तुझा कंटाळा आला. तुझ्या तोंडून ऐकू दे तिला."

रविवारी तिने सांगितलं. आधी मी किती चांगली आहे ते, मग उरलेलं सगळं. पलीकडे बहीण रडत होती, ते मलाही ऐकू येत होतं. येत्या आठवड्यात न्यायला येते म्हणाली.

फोन ठेवून पोर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मावशी, मी गेल्यावर तुला करमेल ना?"

'मला काय धाड भरलीय!' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण कायदा माझाच.

"नाही करमणार," मी म्हणाले. "मला फार एकटं वाटेल. तरी तू जा."

ती न विचारता माझ्या मांडीत शिरली आणि भोकाड पसरून रडली. मी तिला गप्प केलं नाही.