भोपळू खाली उतरला

मी शेगडी बोलतेय. स्वयंपाकाची नव्हे हं. खोली गरम करणारी, पुढे काचेचं दार आणि मागे भिंतीबाहेर जाणारं धुराडं असलेली, लाकडाच्या भुशाच्या गोळ्या खाणारी.

कारखान्यात पत्रा कापून, सांधून मला उभी केली आणि अंगभर काळा रंग फवारला. रंग वरून सुकला, पण आतून कच्चाच. तो पक्का होतो माझ्याच तापानं, पहिल्यांदा पेटल्यावर. तोवर थोडा धूर निघतो, वास सुटतो. माझ्या खोक्यावर हे सगळं छापलेलं होतं. पण घरातल्या बाबांनी मला बाहेर काढलं आणि त्याच खोक्यावर बसून चहा घेतला.

या घरात मी आले ती भोपळूसाठी. भोपळू म्हणजे यांचं गुबगुबीत बाळ. वय रांगायचं, पण फरशी अशी गार, की त्याच्या आईनं त्याला खाली कधी सोडलंच नाही. स्वेटरवर स्वेटर चढवून पलंगावर उशांच्या मधे बसवायची. बिचारा मान वळवायला गेला तरी कलंडायचा.

आजींनी माझ्या जळणाचं पोतं उघडून पाहिलं.

"अरे, हे दाणे कसले? कोंबड्या पाळताय की काय?"

"आई, हे जळण आहे हिचं."

"बघा बाई! आमच्या वेळी लाकूड लाकडासारखं दिसायचं."

बाबांनी बटण दाबलं. पोटात गोळ्या टपटप पडल्या, ज्योत उठली. किती आनंद झाला म्हणून सांगू! पण तेवढ्यात वास सुटला.

भोपळूच्या आईनं नाक वर केलं. ही बाई सगळं हुंगते. दूध हुंगते, बाळाची टाळू हुंगते, नवऱ्याचा स्वेटरसुद्धा.

"अहो, बंद करा! बाळाच्या छातीत जाईल!"

"अगं, दुकानदार म्हणाला, पहिल्यांदा येतो वास."

"दुकानदाराचं बाळ आहे का इथं?"

झालं, मला विझवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. विझवल्यामुळे रंग कच्चा राहायचा, रंग कच्चा म्हणून वास यायचा, आणि वास आला की पुन्हा विझवायचं. माझं ऐकतो कोण?

शेवटी बाबा वैतागले. "उद्या परत पाठवतो हिला."

भोपळू पलंगाच्या काठावर पालथा पडून खाली फरशीकडे हात करत होता. आईनं त्याला मागे ओढलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्याचा दिवस थांबा. मी बघते हिच्याकडे."

सकाळी आजी भोपळूला घेऊन लेकीकडे गेल्या. आईनं खिडक्या सताड उघडल्या, कोट चढवला, कानाला रुमाल बांधला, मला पेटवलं आणि समोर स्टूल टाकून बसली. मी फुरफुरले, धुरकटले. पत्रा तापून टिकटिक वाजला तशी ती दचकून उठली. हात बटणापर्यंत गेला. पण तिनं तो कोटाच्या खिशात कोंबला आणि म्हणाली, "होऊन जाऊ दे."

मधूनमधून जिन्यात जाऊन ताजी हवा घ्यायची, परत येऊन हुंगायचं. दुपार कलली तसा तिला वास येईना. पण स्वतःच्या नाकावर भरवसा कुठला? खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना तिनं वर बोलावून आणलं.

"काका, खरं सांगा. वास येतोय?"

काकांनी गळ्यातली टेप सावरली, जोरात श्वास घेतला. "येतोय की."

आईचा चेहरा उतरला. आता संपलं, असं मलाही वाटलं.

"करपल्याचा," काका म्हणाले. "पोरी, गॅसवर काय ठेवलंयस?"

"अगंबाई, दूध!"

ती आत धावली. काका मात्र माझ्यासमोर हात शेकत बसले, ते उठायलाच तयार नाहीत. "हिला कसलाही वास नाही बरं का," ते तिथूनच ओरडले. "उगाच बदनाम केलीस गरिबाला!"

दुधाचा वास गेला, मग तिनं एकेक खिडकी लावून घेतली. आजी आल्या त्या दारातच थबकल्या. "ऊन पडलंय का गं घरात?"

आईनं फरशीला आधी हात लावला, मग चक्क गाल लावून बघितला. भोपळूचे स्वेटर उतरवले आणि त्याला खाली ठेवलं. एवढी मोकळी जागा बघून तो आधी नुसता बसून राहिला. मग हात टेकले आणि सुटला, तो थेट पलंगाखाली! आई पोटावर पडून हाका मारतेय, हा आपला आत खिदळतोय.

आता माझ्याभोवती लोखंडी जाळी आहे. तीही आईनंच लावून घेतली, दुसऱ्याच दिवशी. अजूनही ती मला हुंगल्याशिवाय पेटवत नाही. मला त्याचा राग नाही. तुमच्याकडे माझी एखादी बहीण आली तर एवढं करा: पहिल्या दिवशी बाळाला बाहेर पाठवा, खिडक्या उघडा आणि तिला मधेच विझवू नका.

आणि आमच्याकडे कधी आलात, तर खाली बघून पाय टाका. भोपळू कुठून बाहेर येईल, सांगता येत नाही.