ओला ब्रश

"माझ्यावर ढकलू नकोस! रोज रात्री तुझा ब्रश मी अंगठा लावून बघायचो. रोज! कोरडा असला तर परत पाठवायचो. तरी दात सडले, तर त्याला मी काय करू? आईकडून आलेत तुझे दात. तिच्या घरात चाळिशीतच सगळ्यांच्या तोंडाचं बोळकं."

"आईला मध्ये आणू नकोस," ग्रेगर म्हणाला. "आणि तुझ्यामुळं सडले असं कोण म्हणालं? मी म्हणालो, सही कर."

"तोंडानं नाही म्हणालास. थोबाडानं म्हणालास."

रविवारचे दहा वाजले होते. डेव्हीनं, म्हणजे ग्रेगरच्या बापानं, तव्यावर चौकोनी सॉसेज टाकले होते, ते एका बाजूनं काळे पडायला लागले होते. टेबलावर चहाचे दोन मग आणि मध्ये फॉर्म. फॉर्मवर मगाचा गोल डाग पडलाही होता. ग्रेगर येऊन वीस मिनिटं झाली नव्हती आणि दोघांचे आवाज चढले होते. हे नेहमीचंच. वर्षातून चारदा भेट, आणि चारही वेळा सॉसेज करपलेले.

काम तसं एका सहीचं होतं. समुद्रात सॅल्मन मासे पाळतात, त्या पिंजऱ्यांवर खाद्य पोचवणारी एक बोट होती. तिचा कप्तान मॅकफेल ग्रेगरला घ्यायला तयार होता. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी बोट सुटणार होती. पण बोटीवर जायचं तर डॉक्टरी तपासणी लागते. त्या डॉक्टरनं छाती बघितली, डोळे बघितले, मग म्हणाला तोंड उघड, आणि आत बॅटरी मारली. मग म्हणाला, "तीन दाढा पोकळ आहेत, एकीत पू आहे. भर समुद्रात ही ठणकली तर तुला आणायला हेलिकॉप्टर पाठवायचं का? दात नीट करून घे, चिठ्ठी आण, मग शिक्का मारतो."

आणि ग्रीनॉकसारख्या गावात डेंटिस्ट मिळणं म्हणजे कोंबडीला दात फुटणं. सात ठिकाणी फोन केला, सातही ठिकाणी यादी बंद. आठव्या ठिकाणची बाई म्हणाली, नवीन पेशंट नाही घेत, पण आधीच्या पेशंटच्याच घरात राहणारं कुणी असेल तर घेऊ. हे आठवं ठिकाण डेव्हीचं होतं. डेव्ही, त्याची दुसरी बायको लिन्झी आणि त्यांची सात वर्षांची आयल्सा, तिघांचंही नाव तिथं होतं. ग्रेगर आईकडं राहायचा, टेकडीवरच्या फ्लॅटमध्ये. डेव्हीनं फक्त लिहायचं होतं की पोरगा माझ्याकडं राहतो.

"म्हणजे खोटं लिहायचं," डेव्ही म्हणाला.

"दोन वेळा तुझ्या सोफ्यावर झोपलोय. तेवढं राहणं पुरे."

"लिन्झी काय म्हणेल?"

"लिन्झी कामावर आहे. तिला विचारून दात घासतोस का तू?"

डेव्हीला हसू आलं, ते त्यानं दाबलं. सॉसेज उलटता उलटता म्हणाला, "शाळा सोडलीस. गाड्या धुवायचं काम तीन आठवडे. चिप्सच्या दुकानात किती, पाच दिवस? मालकाच्या अंगावर झारा फेकलास."

"जमिनीवर फेकला. तो मध्ये आला."

"उद्या बोटीवर भांडलास तर उतरून कुठं जाशील? पाण्यात?"

असं ऐकलं की ग्रेगरचं डोकं सटकायचं. पण या वेळी त्यानं दातांवर दात दाबले, ते दुखले, तरी दाबून धरले. त्याला ही बोट हवी होती. गेल्या दोन वर्षांत हवी असं वाटलेली ही पहिली गोष्ट.

तेवढ्यात आयल्सा धावत आली. वरचा पुढचा दात पडलेला, त्यामुळं हसू आणखी मोठं. हातात कागदाचा एवढासा तुकडा. पडलेला दात उशीखाली ठेवला की रात्री परी येऊन तो नेते आणि नाणं ठेवते, असं तिथल्या पोरांना सांगतात.

"ग्रेगर, बघ! परीनं पत्र लिहिलंय! मला! दोन पाउंडाचं नाणं पण दिलं!"

"दाखव, दाखव त्याला," डेव्ही म्हणाला. भांडण विसरून त्याचा चेहरा एकदम उजळला.

ग्रेगरनं कागद घेतला. काडेपेटीएवढा. कडेला चांदीची चमकी. हिरव्या शाईत, मुंगीच्या पावलांएवढ्या तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं: 'लाडक्या आयल्सा, या वर्षी ग्रीनॉकमधून मिळालेला हा सगळ्यात पांढरा दात. आमच्या महालाच्या दारावर बसवणार आहोत.'

तीच तिरकी अक्षरं. तीच हिरवी शाई. पेनसुद्धा तेच असेल कदाचित.

ग्रेगर सहा वर्षांचा होता तेव्हा हॉस्पिटलमध्ये गुंगी देऊन त्याचे सात दात एकदम काढले होते. शुद्धीवर आला तर तोंडात कापूस आणि हातात नर्सनं दिलेली प्लास्टिकची डबी. डबी हलवली की खुळखुळायची. सात! वर्गात कुणालाही एका वेळी एकापेक्षा जास्त दात मिळाला नव्हता. परी पोतं घेऊन येईल असं त्याला वाटलं होतं. सकाळी उशी उचलली तर डबी तिथंच. खाली एवढासा कागद, हिरवी शाई: 'माफ कर. आम्ही फक्त पांढरे दात नेतो. गोड कमी खा.'

त्यानं तो कागद कुणाला दाखवला नाही. दीड महिन्यानं डेव्हीनं दोन बॅगा भरल्या आणि तो लिन्झीकडं राहायला गेला. ग्रेगरनं डबी जिन्यातल्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. झाकण मारलं तरी आतून खुळखुळ ऐकू आली.

"कसं आहे?" आयल्सानं विचारलं.

"भारी," ग्रेगर म्हणाला आणि कागद परत दिला. "बाथरूम कुठंय?"

"तुला माहितीये की!" ती म्हणाली. पण ग्रेगरचे वटारलेले डोळे बघून डेव्हीनं तिच्याकडं मान हलवली, जाऊ दे त्याला, अशी.

बाथरूममध्ये त्यानं तोंडावर गार पाणी मारलं. समोर ग्लासात तीन ब्रश. दोन मोठे, केस विस्कटलेले, म्हाताऱ्या कुत्र्यासारखे. तिसरा लहान, पिवळा, दांड्यावर बदक. शेजारी दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ. बदक बघून त्याला बालवाडी आठवली. तिथं भिंतीवर ब्रशांची फळी असायची आणि प्रत्येकाच्या खणावर चित्र. त्याचंही बदकच. जेवणानंतर मिसेस लॅमंट सतरा पोरांना ओळीत उभं करायची आणि स्वतःही ब्रश घेऊन समोर उभी राहायची. वाटाण्याएवढी पेस्ट. थुंकायचं, चूळ नाही भरायची. सतरा तोंडं, सतरा फेस, आणि बाई फेसाळलेल्या तोंडानंच ओरडायची, मागचे, मागचे!

घरी तसं कुणी उभं राहायचं नाही. आई संध्याकाळच्या पाळीला. डेव्ही सोफ्यावर, टीव्हीवर मॅच. "घासलेस?" अशी हाक यायची. ग्रेगर नळाखाली ब्रश धरायचा आणि उभा राहायचा. पहिले काही दिवस तो खरंच वाट बघत होता, कुणीतरी येईल, शेजारी उभं राहील, म्हणेल मागचे, मागचे. मॅच संपली की दार किलकिलं व्हायचं आणि आत यायचा तो फक्त बापाचा अंगठा. ब्रशच्या केसांवरून फिरायचा. ओला. "शाब्बास." मग ग्रेगरनं वाट बघणं सोडलं. ब्रश ओला करणं तेवढं चालू ठेवलं.

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानं पिवळा ब्रश उचलला. ओला होता. पण केस कसे? एकूण एक ताठ, दुकानातून आत्ता काढल्यासारखे. दांड्यावरची चकाकी गेली होती, बदकाची चोच पुसट झाली होती, म्हणजे ब्रश जुना. आणि केस नवे. लहान पोरांच्या पेस्टची ट्यूब गच्च फुगलेली, तोंडाशी वाळून खडा झालेला.

"आयल्सा," त्यानं हळूच हाक मारली.

ती आली. तिनं त्याच्या हातातला ब्रश बघितला आणि पायाच्या अंगठ्यानं पायपुसणं उकरायला लागली.

"पाण्याखाली किती वेळ धरतेस?" त्यानं विचारलं.

"...तीन आकडे."

"मी पाच मोजायचो."

तिनं झटकन वर बघितलं. "तू पण?"

"तोंड उघड."

पुढचे पांढरे होते. मागे दोन दाढांवर तपकिरी ठिपके, चहाच्या मगातल्या डागासारखे. त्याला ते ठिपके माहीत होते. ते कसे वाढतात, कुठल्या रात्री ठणकायला लागतात, गुंगीच्या औषधाचा वास कसा असतो, सगळं माहीत होतं.

"डॅडला नको सांगूस," ती म्हणाली. "मग परी नाणं परत नेईल. पत्र पण नेईल."

"नाही सांगत. पण आत्ता घासायचे. चल, चढ स्टुलावर."

"आत्ता? तुझ्यासमोर?"

"मी पण घासतो." त्यानं बोटावर पेस्ट घेतली. वाळूचं घड्याळ उलटं केलं. "मागचे. मागचे!"

आधी ती हसली. फेस हनुवटीवर आला. तो आरशात बघून बोटानं घासत होता, ती ब्रशनं, आणि वाळू पडत होती. मग म्हणाली दुखतंय. तो म्हणाला, अजून थोडं. म्हणाली, बस्स. त्यानं तिचा ब्रशचा हात धरला, घट्ट, आणि मागच्या दाढेपर्यंत नेला. घट्टच धरला, हे खरं. तिनं झटका दिला, ब्रश सुटला आणि पडलेल्या दाताच्या ताज्या जागेवर घासला. ती किंचाळली. बेसिनमध्ये गुलाबी फेस, मग लाल.

डेव्ही धावत आला. एका हातात पेन.

"काय केलंस तिला?"

"दात घासत होतो."

"सकाळीच घासलेत तिनं! मी स्वतः बघितलंय, ओला होता ब्रश!" त्यानं तिला उचलून कडेवर घेतलं. "रक्त काढलंस पोरीचं! काय रे, काय बिघडवलंय तिनं तुझं?"

आयल्सा बापाच्या खांद्यावर तोंड लपवून रडत होती. मग एक डोळा वर आला. तो डोळा ग्रेगरकडं बघत होता. तिनं मान हलवली, जराशीच. नको.

"बोल ना! आता का दातखीळ बसली?" डेव्हीचा चेहरा लाल झाला होता. "जळतोयस तू. सात वर्षांच्या पोरीवर जळतोयस. तिला पत्र मिळालं आणि तुला..."

तो थांबला.

"आणि मला काय?" ग्रेगरनं विचारलं.

डेव्हीनं आयल्साला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आठवतंय म्हणजे तुला. मला वाटलं विसरला असशील."

"मला वाटलं... धडा मिळेल तुला. गोड खाणं कमी करशील."

"केलं की. लगेच."

स्वयंपाकघरातून जळका वास आला. ग्रेगर त्याच्या बाजूनं निघून टेबलाशी गेला. फॉर्म तसाच होता. नाही, तसाच नव्हता. सहीच्या रेघेवर ताज्या शाईत 'डेव्हिड' एवढं लिहिलेलं होतं. पुढं आडनावाच्या पहिल्या अक्षराची उभी रेघ, मग रेघ घसरून खाली गेलेली. तिथं आयल्सा किंचाळली असणार.

डेव्ही मागून आला, पोरगी कडेवर. त्यानंही फॉर्म बघितला.

"आधी तिची माफी माग," तो म्हणाला. आवाज आता खाली होता. "नीट माग. मग करतो पुरी. मी काय वाईट नाहीये."

सॉरी. बास, एक शब्द. ग्रेगरच्या जिभेवर आलाही. पोरीची तर त्यानं मागितलीही असती, हात खरंच जोरात धरला होता. पण माफी मागायची होती ती तिचे दात घासले म्हणून, बापासमोर, त्या ओल्या ब्रशच्या साक्षीनं. आणि आयल्सा बघत होती. आता सॉरी म्हटलं तर ती आयुष्यभर तीन आकडे मोजत राहील. आणि खरं सांगितलं तर परी तिलाही हिरव्या शाईत कसलं पत्र लिहील, ते त्याला माहीत होतं.

दाढ ठणकली. गुरुवार, त्याच्या पुढचा गुरुवार, मॅकफेलची बोट, सगळं त्या ठणक्यात एकदम आलं आणि गेलं.

त्यानं गॅस बंद केला. जॅकेट उचललं.

"दोन मिनिटं," तो आयल्साला म्हणाला. "सगळी वाळू पडेपर्यंत. थुंकायचं, चूळ नाही भरायची. कळलं?"

तिनं नाक ओढलं आणि मान डोलावली.

"मी काय बोलतोय तुझ्याशी?" डेव्ही म्हणाला. "सही हवीये ना तुला? एवढा ताठा कशाला? बस, चहा घे, मग बोलू."

"ब्रश बघत जाऊ नकोस, डॅड. आत जात जा."

"म्हणजे? आत कुठं? ग्रेगर, फॉर्म तरी ने!"

"बस येईल माझी," ग्रेगर म्हणाला. "मला निघायला हवं."