वर्दीला लागलेला वास

"अगं, जरा दार उघड, घुसमटतंय," आतल्या खोलीतून ड्रायव्हर म्हणाला.

"उघडते, जरा दम धरा," काकू म्हणाल्या आणि दाराखालच्या फटीत कोंबलेला ओला टॉवेल त्यांनी पायानं आणखी आत सारला.

इस्त्रीवाल्या काकूंनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाचा खिशात विसरलेला रुमालसुद्धा ठेवून घेतला नव्हता. त्याच काकूंच्या छोट्या ओव्हनमध्ये आज गांजा भाजला जात होता. पुडी दिरानं आणून दिली होती. "वहिनी, कच्चा पाला खाऊन काही होत नाही. आधी मंद आचेवर सुकवायचा, मग लोण्यात मुरवायचा, मग त्याची बिस्किटं. दादाला भूक लागेल. आच मात्र वाढू द्यायची नाही." आचेचं काकूंना कुणी शिकवायची गरज नव्हती. ओल्या बोटानं इस्त्रीचा ताप ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. वासाबद्दल मात्र तो अवाक्षर बोलला नव्हता. दिरांचं हे असंच, सल्ला द्यायला पुढे आणि निस्तरायला मागे.

ड्रायव्हर म्हणजे त्यांचा नवरा. सगळी नोकरी त्यानं बस चालवली आणि गल्लीनं त्याला दुसरं नाव ठेवलंच नाही. आजारानं निम्मा खाल्ला, उरलेला औषधांनी. घास समोर धरला की तो तोंड फिरवायचा. त्याच्या पँटची कंबर काकूंनी इतक्या वेळा आत घेतली होती की मागचे दोन्ही खिसे आता एकमेकांना भिडले होते. डॉक्टर म्हणाले होते, पोटात काही गेलं तरच पुढची औषधं सोसतील. म्हणून हा उद्योग. पण जिवात जीव नव्हता. कुणी नाक वर केलं आणि आपल्याला धरून नेलं, तर याला पाणी कोण देणार, एवढा एकच विचार डोक्यात गरगरत होता. त्यात वरच्याच मजल्यावर पोलीस राहायचा.

पाला झाला. तो चुरून त्यांनी लोण्यात घातला, भांडं बारीक गॅसवर ठेवलं, वर झाकण दाबलं आणि घाम पुसायला वळल्या, तर समोर दारामागच्या खुंटीवर वर्दी.

वरच्या पोलिसाचीच. सकाळीच कडक इस्त्री करून लावली होती. बाकीच्यांचे कपडे गाठोड्यात बांधून ठेवलेले, पण वर्दीला चुणी पडू नये म्हणून काकू ती नेहमी उघडीच टांगत. वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावली, जाळीला वर्तमानपत्र चिकटवलं, दाराला टॉवेल लावला. मग आत कोंडलेला वास जाणार कुठे? "तळण काढताना कपाट लावून घेत जा गं, कापड वास धरतं," असं गल्लीतल्या बायकांना येताजाता सुनावणाऱ्या याच काकू! त्यांनी कॉलरला नाक लावलं. वास पुरता मुरला होता.

पोलीस संध्याकाळच्या ड्यूटीआधी ती न्यायला येणार होता. काकूंनी वर्दी बादलीत बुडवली, दोनदा साबण लावला, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळली आणि तशी ओलीच टेबलावर घेतली. गरम इस्त्री टेकली मात्र, वाफेबरोबर वास दुपटीनं वर आला.

"काय गं, इंजिन तापलं का?" ड्रायव्हर आतून हसला, मग हसण्याचा खोकला झाला. "घाबरतेस कशाला? विचारलं तर सांग, माझं आहे."

"तुम्ही गप पडा हो! तुम्हाला नेलं काय आणि मला नेलं काय, घर एकच."

तेवढ्यात दार वाजलं. उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"काकू, झाली का?" पोलिसानं वर्दी हातावर घेतली आणि तो थबकला. त्यानं गॅसवरच्या भांड्याकडे पाहिलं. मग आतल्या खोलीकडे, जिथून पलंगाबाहेर आलेलं एक वाळकं मनगट दिसत होतं.

"कोण रे? माझ्या बसमागं पळणारा का?" आतून आवाज आला. "शाळेला कधी वेळेवर निघाला नाहीस लेका."

"आज नाही पळत, ड्रायव्हरकाका." पोलीस काकूंकडे न बघता म्हणाला, "ओली आहे."

"डाग राहिला होता. परत धुतली."

"वाळेल अंगावर." आणि तो जिना चढून वर गेला.

त्या संध्याकाळी जिन्यावर पाऊल वाजलं की काकू दाराला कान लावायच्या. कुणी आलं नाही. बिस्किटाचा तुकडा खाऊन पडलेला ड्रायव्हर बऱ्याच वेळानं म्हणाला, "सूप आहे का गं थोडं?" वाटीभर प्याला. मग पाव मागितला. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि हातपुसणं तोंडाला लावून पोटभर रडल्या.

पण वर्दी पुन्हा आली नाही. एकदा पोलीस जिन्यात भेटला, तर बाहीवर इस्त्रीच्या एका घडीशेजारी दुसरी चुकीची घडी उमटलेली. काकूंना ते बघवेना.

"हल्ली घरीच करतो," तो मान खाली घालून म्हणाला आणि भराभर उतरला.

काकूंची झोप उडाली. हा पाळत ठेवून असेल, आज ना उद्या माणसं घेऊन येईल.

"अगं वेडे," ड्रायव्हर म्हणाला, "दारात आला तर त्याला वास येणार. वास आला तर काहीतरी करावं लागणार. म्हणून येत नाही तो."

काकूंना ते अर्धं पटलं, अर्धं नाही. टॉवेल त्या फटीत कोंबतच राहिल्या. ड्रायव्हर थोडं थोडं खात राहिला, पुढची औषधंही त्यानं सोसली. शेवटपर्यंत त्यानं घास परत केला नाही. पण आजार त्याच्यापेक्षा हट्टी निघाला.

त्याला पोचवून आल्यावर काही दिवस काकूंनी इस्त्रीला हात लावला नाही. मग एका सकाळी त्यांनी दार उघडलं, तर बाहेरच्या कडीला वर्दी अडकवलेली. चुरगळलेली, दोन्ही बाह्यांवर दोन दोन घड्या.

काकूंनी ती आत घेतली. मग त्यांनी जाळीवरचं वर्तमानपत्र काढलं, खिडकी उघडली, इस्त्री तापवली. दुसरी घडी निघता निघेना, तेव्हा पाणी शिंपडून पुन्हा पुन्हा दाबली. झाल्यावर वर्दी त्यांनी त्याच खुंटीला उघडी टांगली.

खोलीत आता नुसता गरम कापडाचा वास होता.